बिनदातांचे शिकारी

धिंगरी अळंबीची भाजी शाकाहारी असते. धिंगरी अळंबी मात्र शाकाहारी नसते.

पुन्हा वाचलंत ना? वाचा, वाचा. छपाईची चूक नाही ती. बाजारात पाकिटातून मिळणारी, पांढरट-करड्या रंगाची, पसरट कानांची ही साधीसुधी अळंबी जिवंत प्राणी मारून खाते.

आता घाबरून ताट बाजूला सारू नका. आपण खातो ती अळंबीची छत्री, आणि शिकार करतात ते तिचे तंतू. धिंगरी पिकवणारे लोक गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा भिजवून निर्जंतुक करतात, पिशव्यांत भरतात आणि त्यात अळंबीचं बियाणं मिसळतात. काही दिवसांत सगळ्या काडाभोवती पांढरं जाळं पसरतं. खरी बुरशी म्हणजे ते जाळं. छत्र्या उगवतात अगदी शेवटी, बीजाणू वाऱ्यावर सोडण्यापुरत्या.

रानात हीच बुरशी मेलेल्या झाडांच्या खोडात राहते आणि लाकूड खाते. लाकूड खाऊन जगण्यात एक मोठी पंचाईत आहे. लाकडात सेल्युलोज भरपूर, त्यामुळे साखरेची ददात नाही, पण नायट्रोजन अगदी नावापुरता. नायट्रोजनशिवाय प्रथिनं बनत नाहीत आणि प्रथिनांशिवाय वाढ खुंटते. मग नायट्रोजन आणायचा कुठून? त्याच लाकडाच्या भेगांमधून वळवळत फिरणाऱ्या कुणाच्या तरी अंगातून!

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या थॉर्न आणि बॅरन या दोन शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ही बातमी फोडली. धिंगरीच्या तंतूंना शिवलेला बारीकसा कृमी काही मिनिटांत लुळा पडतो. मग तंतू त्याच्या दिशेने वाढतात, त्याच्या अंगात शिरतात आणि त्याला आतून फस्त करतात. कृमी लुळा कशाने पडतो, हे नीट कळायला मात्र पुढची जवळजवळ चाळीस वर्षं गेली. २०२३ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी दाखवलं, की धिंगरीच्या तंतूंवर बारीक दांड्यांवर बसलेले चिमुकले गोळे असतात. कृमीचा धक्का लागला की गोळा फुटतो आणि त्यातून ३-ऑक्टॅनोन नावाचं रसायन बाहेर पडतं. कृमीच्या पेशी भराभर मरायला लागतात.

मारलं तर खरं. पण खाणार कसं? बुरशीला तोंड नाही, दात नाहीत, पोटही नाही.

आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. बुरशी आधी पचवते आणि मग गिळते. पाचक रस अंगाबाहेर सोडायचा, समोरचं अन्न जागच्या जागी विरघळवायचं आणि झालेलं पातळ सूप तंतूंच्या भिंतीतून आत ओढून घ्यायचं. जिवाणूंचीही तीच तऱ्हा. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण पृथ्वीवरचा बहुतेक सगळा पालापाचोळा, लाकूडफाटा आणि मेलेले प्राणी याच पद्धतीने संपतात. नाहीतर आपण कचऱ्यातच गाडले गेलो असतो.

या पाचक रसात खरं काम करतात ती विकरं, म्हणजेच एन्झाइम. विकराचं काम तुम्ही आत्ता, बसल्या जागी अनुभवू शकता. पोळीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या आणि न गिळता चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागायला लागेल. साखर तर कुणीच घातली नव्हती! तुमच्या लाळेतल्या अमायलेज या विकराने पिठातल्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडल्या आणि त्यांतून साखर मोकळी झाली.

विकरांचा स्वभाव फार हट्टी असतो. ज्याचं जे काम, तेच ते करणार. अमायलेज स्टार्च तोडेल, पण अंड्याच्या पांढऱ्या भागाला हात लावणार नाही. तो म्हणजे प्रथिन, आणि प्रथिनं तोडायला प्रोटिएज लागतं. शाळेच्या शर्टावरचा अंड्याचा किंवा रक्ताचा डाग काढायला धुण्याच्या पावडरीत प्रोटिएज घातलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा बॅसिलस जातीच्या जिवाणूंकडूनच बनवून घेतलेलं असतं.

मटण चिवट निघालं तर त्याला कच्च्या पपईचा तुकडा लावून ठेवतात, हे पाहिलंय का? पपईच्या चिकात पपेन नावाचं प्रोटिएज असतं. ते मांसातली प्रथिनं तोडतं. मांसाचे धागे एकमेकांना बांधून ठेवणारं कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिनही त्यातून सुटत नाही. आणि गंमत बघा, आपल्या या कृमीची कातडीसुद्धा मुख्यतः कोलॅजेनचीच बनलेली असते. पपई मटणाचं जे करते, तेच शिकारी बुरशी कृमीचं करते. फक्त तिला चूल लागत नाही.

आता या कृमींची ओळख करून देतो. त्यांना सूत्रकृमी म्हणतात. गांडुळाशी त्यांची गल्लत करू नका. गांडुळाच्या अंगावर वळ्या-वळ्या असतात, सूत्रकृमी गुळगुळीत असतो. मातीतले बहुतेक सूत्रकृमी एक मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान असतात, त्यामुळे आपण जन्मभर त्यांच्यावरून चालतो आणि आपल्याला पत्ता नसतो. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या मातीचे नमुने तपासून हिशोब मांडला. जमिनीच्या वरच्या थरात किती सूत्रकृमी असावेत? ४४ लिहा आणि त्यापुढे १९ शून्यं काढा. म्हणजे पृथ्वीवरच्या दर माणसामागे साधारण ५,७०० कोटी. तुमचे ५,७०० कोटी वेगळे आणि तुमच्या बहिणीचे वेगळे, वाटणीवरून भांडायचं कारण नाही.

यातले बहुतेक जण बिचारे आपले जिवाणू आणि बुरशी खाऊन राहतात. काही तर शेतकऱ्याचे दोस्त आहेत. उसाची मुळं खाणारी हुमणी तुम्हाला माहीत असेल, ती पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. तिच्या अंगात शिरून तिला मारणारे सूत्रकृमी शेतकरी मुद्दाम विकत आणून शेतात सोडतात. पण काही सूत्रकृमी परजीवी असतात. कुणी झाडाच्या मुळात बिऱ्हाड करतं, कुणी शेळीच्या पोटात, तर कुणी थेट आपल्या आतड्यात. आजची गोष्ट या आगाऊ मंडळींची आणि त्यांचा समाचार घेणाऱ्या सूक्ष्मजीवांची.

शिकाऱ्यांत सगळ्यांत प्रसिद्ध आहे आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा. नाव लांबलचक, पण बुरशी अगदी साधी. शेणात, कुजक्या पाल्यात, बागेच्या मातीत, कुठेही सापडते. १८८८ मध्ये झॉफ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, की ही बुरशी आपल्याच तंतूंचे गोल गोल फास विणते आणि त्यांत जिवंत सूत्रकृमी अडकतात. फासांवर चिकट लेप असतो. कृमी एकदा चिकटला की सुटण्यासाठी अंगाला पीळ देतो, उसळ्या मारतो, आणि तेवढ्यात शेजारच्या फासालाही चिकटतो.

पण ही बुरशी बारा महिने शिकारीला बसत नाही. पोटभर कुजका पाला मिळाला की ती निवांत असते. मग फास विणायचे कष्ट कोण घेणार? नायट्रोजनची चणचण भासली आणि आसपास कृमींची चाहूल लागली, की मगच ती कामाला लागते. चाहूल कशी लागते? सूत्रकृमी आपापसांत गंधाने बोलतात. जोडीदार शोधायचा असेल, फार गर्दी झाल्याचं सांगायचं असेल, तर ते विशिष्ट रसायनं सोडतात. २०१३ मध्ये असं दिसून आलं, की बुरशी हे बोलणं चोरून ऐकते! कृमींनी एकमेकांसाठी सोडलेलं रसायन तिच्यापर्यंत पोचलं, की तिला कळतं, शिकार आली. आणि नुसतं ऐकून ती थांबत नाही. कृमींना आवडतील असे वास ती स्वतःही सोडते, म्हणजे ते आपणहून जवळ येतात.

तिच्या नात्यातल्या ड्रेश्लेरेला या बुरशीची पद्धत तर आणखी भारी. ती फक्त तीन पेशींची कडी बनवते. कृमी कडीत डोकं घालतो, त्याचं अंग आतल्या बाजूला घासतं, आणि तिन्ही पेशी टम्म फुगून त्याला आवळतात. किती वेळात? सेकंदाच्या दहाव्या भागात. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागू शकतो. बुरशी म्हटलं की जागेवर बसून राहणारी, ब्रेडवर चढणारी वस्तू आठवते. तिच्याकडून ही चपळाई!

आणि ही युक्ती आजकालची नाही. झाडाची राळ घट्ट होऊन बनलेले अंबरचे खडे फ्रान्समध्ये सापडतात. तिथल्या सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या एका खड्यात शास्त्रज्ञांना २००७ मध्ये असे फास असलेली बुरशी आणि तिच्या शेजारी सूत्रकृमी, दोन्ही जसेच्या तसे अडकलेले मिळाले. वर डायनासोर फिरत होते तेव्हा खाली ही शिकार चालू होती.

अडकवलं, पुढे काय? कातडी फोडायची. बुरशीचा तंतू कृमीच्या कातडीवर नेट लावतो आणि त्याच जागी प्रोटिएज सोडतो. कोलॅजेन सैल पडलं की तंतू आत. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आर्थ्रोबोट्रिसचं एक प्रोटिएज हुडकून काढलं आणि मग एक प्रयोग केला. ते प्रोटिएज बनवायला सांगणारं जे जनुक असतं, त्याच्या जादा प्रती त्यांनी बुरशीत घातल्या. या बुरशीने फास जास्त केले आणि कृमी लवकर मारले. मग उलटा प्रयोग: ते जनुकच काढून टाकलं. आता बुरशी उपाशी मरणार असं वाटलं ना? तसं झालं नाही. तिची शिकार जवळपास तशीच चालू राहिली. मला हा दुसरा प्रयोग पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. कातडी फोडण्यासारखं महत्त्वाचं काम बुरशी एकाच विकराच्या भरवशावर सोडत नाही, हे त्यातून दिसतं.

आता शेताकडे वळू. टोमॅटो, वांगी, भेंडी यांचा हंगाम संपला की झाडं उपटून टाकतात. तेव्हा एखाद्या झाडाची मुळं बादलीत हलकेच धुऊन बघा. मुळांवर गाठीच गाठी दिसल्या तर त्या बहुधा सूत्रकृमीच्या. मात्र मूग, हरभरा किंवा भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी पाहून दचकू नका. त्या चांगल्या जिवाणूंच्या असतात. त्या मुळाच्या कडेला लटकतात, नखाने चटकन निघतात आणि ताज्या असतील तर आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ तशी निघत नाही, कारण तिथे मूळच सुजलेलं असतं.

ही सूज येते कशी? मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं. म्हणजे तुमच्या पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधल्या अंतराच्या निम्मं. त्याच्या तोंडात एक पोकळ, टोकदार सुई असते. मुळाच्या टोकाजवळून ते आत शिरतं, एक बरी जागा बघून ठाण मांडतं आणि आजूबाजूच्या काही पेशींत सुईने रस सोडतं. त्या पेशी वेड्यासारख्या फुगतात आणि झाडाने पानांत बनवलेलं अन्न त्यांत येऊन पडत राहतं. आयतं जेवण! पिल्लू मादी असेल तर तीही फुगत जाते, इतकी की तिला हलता येत नाही. साधारण महिन्याभरात ती चिकट जेलीच्या पिशवीत तीनशे ते पाचशे अंडी घालते. इकडे झाड भर दुपारी माना टाकतं. शेतकरी पाणी देतो, खत देतो, फरक पडत नाही, कारण दुखणं जमिनीखाली असतं. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबाच्या बागांत तर हे कृमी मुळांना जखमा करून मर रोगालाही वाट करून देतात.

हा कृमी मुळाच्या आत घुसतो तरी कसा? वनस्पतींच्या पेशींना सेल्युलोजची भिंत असते. गवत खाणाऱ्या गाईलासुद्धा सेल्युलोज स्वतः पचवता येत नाही, ते काम तिच्या पोटातले सूक्ष्मजीव करतात. पण या कृमीकडे सेल्युलोज तोडणारी विकरं स्वतःची आहेत. १९९८ मध्ये अशा कृमींतली ही जनुकं पहिल्यांदा सापडली तेव्हा शास्त्रज्ञ चक्रावले, कारण ती प्राण्यांच्या नव्हे, जिवाणूंच्या जनुकांशी मिळतीजुळती होती. २००८ मध्ये गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची सगळी जनुकं वाचून झाली, तेव्हा तर अशा उसन्या जनुकांचा ढीगच निघाला. फार फार पूर्वी कधीतरी या कृमींच्या पूर्वजांनी जिवाणूंची जनुकं आपल्यात सामावून घेतली असावीत. थोडक्यात, सूक्ष्मजीवांचं हत्यार पळवून यांनी झाडांवर दरोडा घातला. आणि आता सूक्ष्मजीवांची विकरं यांनाच खातात. चोरावर मोर म्हणतात तो हाच.

गाठीतली मादी फासात सापडणार नाही, ती तर घरातून बाहेरच पडत नाही. मग तिची अंडी गाठायची. हे काम करणारी बुरशी १९७९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात प्रकाशात आली. लिमा शहरात आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ जताला यांना सूत्रकृमीच्या अंड्यांवर एक बुरशी वाढताना दिसली. तिचे बीजाणू फिकट जांभळे असतात. आपल्याकडचे शेतकरी तिला पॅसिलोमायसिस या जुन्या नावाने ओळखतात. शास्त्रज्ञांनी तिचं नाव आता पर्प्युरिओसिलियम केलंय, पण ते म्हणताना जिभेचीच गाठ व्हायची, तेव्हा जुनंच बरं.

सूत्रकृमीचं अंडं म्हणजे छोटा किल्लाच. सर्वांत बाहेर प्रथिनांचा थर, मध्ये कायटिनचा जाड थर आणि आत स्निग्ध पदार्थांचा थर. कायटिन तुमच्या ओळखीचं आहे. कोळंबीचं साल, कुर्लीचं कवच, झुरळाचे पंख, सगळीकडे तेच असतं. नुसतं प्रोटिएज घेऊन गेलं तर बाहेरचा थर पडेल, पण पुढे कायटिन आडवं येईल. म्हणून पॅसिलोमायसिस दोन्ही विकरं सोडते, प्रोटिएज आणि कायटिनेज. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठात संशोधकांनी तिची ही दोन विकरं वेगळी काढून सूत्रकृमीच्या अंड्यांवर टाकून पाहिली. बुरशी जवळ नसतानाही अंड्यांच्या कवचाची पार दशा झाली आणि त्यांतून पिल्लं बाहेर येणं कमी झालं.

इथे हुशार मुलं हात वर करतील. बुरशीच्या स्वतःच्या भिंतीतही कायटिन असतं ना? मग ती आपल्याच कायटिनेजने विरघळत का नाही? छान प्रश्न. बुरशीच्या भिंतीतलं कायटिन उघडं नसतं, त्यावर दुसऱ्या पदार्थांची थरांवर थर पांघरुणं असतात. शिवाय कुठलं विकर कुठे आणि किती सोडायचं, यावर तिचं चांगलं नियंत्रण असतं. वाढताना नवी फांदी काढायची असली तर तीही आपलीच भिंत थोडीशी सैल करून घेते.

कायटिनवरून आणखी एक युक्ती निघाली. मातीत कोळंबीची सालं, खेकड्यांची कवचं कुटून घातली तर? कायटिन खाणाऱ्या सूक्ष्मजीवांची चंगळ होते, त्यांची संख्या वाढते, ते भरपूर कायटिनेज सोडतात, आणि सालं संपत आली की सूत्रकृमीच्या अंड्यांचा नंबर लागतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९८० च्या दशकात यावर पुष्कळ प्रयोग झाले आणि सूत्रकृमी कमीही झाले. मात्र त्याचं सगळं श्रेय कायटिनेजला देता येत नाही. सालं कुजताना अमोनिया तयार होतो, आणि तोही कृमींना मारतो. प्रमाण जास्त झालं तर तो झाडालाही मारतो. तेव्हा आजीच्या तुळशीत कोळंबीची सालं नेऊन ओतू नका. वास येईल तो वेगळाच.

आता एक कपटी जिवाणू. याचं नाव बॅसिलस नेमॅटोसिडा, गाव चीनमधला युन्नान प्रांत. पुष्कळ सूत्रकृमी जिवाणू खातात, हे मघाशी सांगितलं. या पठ्ठ्याने ठरवलं, खा मला! तो असा काही सुगंध सोडतो, की कृमी आपलं नेहमीचं जेवण सोडून त्याच्याकडे धाव घेतात आणि त्याला गिळतात. आतड्यात पोचल्यावर तो दोन प्रोटिएज सोडतो आणि कृमीला आतून पोखरायला लागतो. बाहेरची जाड कातडी फोडायची कटकटच नाही. २०१० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केलं तेव्हा त्याला ट्रोजन घोड्याची उपमा दिली. ग्रीक सैनिक लाकडी घोड्याच्या पोटात लपून ट्रॉय नगरीत शिरले होते, ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल.

एवढी जालीम विकरं आहेत, तर कारखान्यात बनवून, बाटलीत भरून शेतात का फवारत नाहीत? कारण माती म्हणजे काचेची परीक्षानळी नव्हे. विकर हे स्वतःच एक प्रथिन असतं. मातीत पडलं रे पडलं, की दुसऱ्या सूक्ष्मजीवांची प्रोटिएज त्यालाच खायला टपलेली असतात. काही विकर चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतं आणि कामातून जातं. म्हणून बाटलीतल्या विकरापेक्षा विकर बनवणारा जिवंत कारागीर शेतात सोडणं शहाणपणाचं. शेतकरी तसंच करतात. पॅसिलोमायसिस, ट्रायकोडर्मा अशा बुरशी ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून झाडाच्या मुळांशी घालतात.

पण जिवंत कारागिराच्या तऱ्हा सांभाळाव्या लागतात. माती कोरडी ठणठणीत झाली, फार तापली, की तो मरतो. त्याच आठवड्यात बुरशीनाशकाचं औषध ओतलं की संपलाच. आधीपासून ठाण मांडून बसलेले सूक्ष्मजीव नव्या पाहुण्याला सहज पाय रोवू देत नाहीत. आणि आर्थ्रोबोट्रिससारखी फास टाकणारी बुरशी चांगला कृमी, वाईट कृमी असा भेद करत नाही, जो आला तो अडकला. त्यामुळे रासायनिक औषधासारखा झटपट, दर वेळी सारखाच गुण येत नाही. तो यावा म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत डोकी खाजवणं चालू आहे.

आता तुमच्या पोटातला प्रश्न. आपल्या पोटात तर प्रोटिएजचा सुकाळ असतो. जठरात पेप्सिन, पुढे आतड्यात ट्रिप्सिन. मग आतड्यात राहणारा जंत, तोही सूत्रकृमीच, मटणासारखा पचून का जात नाही? मोठ्या जंताची मादी ३० सेंटीमीटरहून लांब होऊ शकते, म्हणजे तुमच्या मोठ्या पट्टीला मागे टाकते. एवढं मोठं प्रथिनांचं भेंडोळं आपल्या पाचक रसात राहतं आणि त्याला ओरखडाही येत नाही. कारण एक तर त्याची कातडी भक्कम असते. दुसरं, आपल्या पेप्सिनला आणि ट्रिप्सिनला जाऊन चिकटणारी आणि त्यांचं तोंड बंद करणारी खास प्रथिनं तो बनवतो. १० फेब्रुवारीला जंतनाशक दिनी शाळेत जी चघळायची गोळी देतात, ती म्हणूनच कातडी फोडायच्या भानगडीत पडत नाही. जंताच्या पेशींच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो, तो ती गोळी बनू देत नाही. मग जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. गोळी खिडकीतून फेकणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मेंढ्यांना मात्र बुरशीचा उपयोग होतो, आणि तोही मोठ्या गमतीदार रीतीने. मेंढ्या-शेळ्यांच्या जठरात एक रक्तपिपासू सूत्रकृमी राहतो, हिमॉन्कस नावाचा. रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढरा पीळ असल्यामुळे त्याची मादी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची दिसते. ती दिवसाला हजारो अंडी घालते. अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात, त्यांतून पिल्लं निघतात, पावसाळ्यात ओल्या गवताच्या पात्यांवर चढून बसतात, आणि दुसरी मेंढी ते गवत खाते. झालं, चक्र पुन्हा सुरू. पिढ्यान्‌पिढ्या तीच ती औषधं पाजल्यामुळे जगभर अनेक ठिकाणी हे कृमी औषधांना दाद देईनासे झाले आहेत.

इथे येते डडिंग्टोनिया, फास टाकणाऱ्यांच्याच खानदानातली बुरशी. तिचे बीजाणू जाड भिंतीचे असतात. ते मेंढीच्या खाद्यात मिसळतात. मेंढी ते खाते. जठराची विकरं, आतड्याची विकरं, मेंढीच्या पोटातले असंख्य सूक्ष्मजीव, सगळ्यांच्या तावडीतून सुटून बीजाणू लेंडीबरोबर बाहेर येतात. आता लेंडीत दोन्ही पाहुणे एकत्र असतात, कृमीची अंडी आणि बुरशीचे बीजाणू. अंड्यांतून पिल्लं निघेपर्यंत बुरशी उगवते, चिकट फास विणून तयार होते, आणि पिल्लं गवताकडे निघायच्या आतच त्यांना धरून कातडीवर प्रोटिएज सोडते. ऑस्ट्रेलियात हे बीजाणू बायोवर्मा या नावाने विकत मिळतात. ते रोज खाऊ घालावे लागतात, कारण आजची लेंडी उद्याच्या लेंडीचं काम करत नाही. आणि मेंढीच्या पोटात आधीच ठाण मांडलेल्या कृमींना ते काहीही करत नाहीत. बीजाणू तिथून नुसते प्रवासी म्हणून जातात. त्या कृमींसाठी मेंढपाळाला औषधाची नळी घेऊन, मेंढीचं तोंड उघडून, अजूनही झटापट करावीच लागते.